दक्षिणेचे आकाश उत्तरेला दाखवणारा हॅले

सेंट हेलेना हे नाव उच्चारले की आपल्याला नेपोलियन आठवतो. १८१५ साली या बेटावर त्याला बंदिवान म्हणून आणले गेले आणि १८२१ साली तिथेच त्याचा अंत झाला. अटलांटिक महासागराच्या अफाट पसाऱ्यात एकाकी उभ्या असलेल्या या खडकाळ बेटाला इतिहासात स्थान मिळाले ते या पराभूत सम्राटामुळे. परंतु त्याच्या सुमारे १३८ वर्षे आधी, अवघ्या विशीतला एक तरुण स्वतःहून या बेटावर राहायला गेला होता. त्याला तिथे कोणी धाडले नव्हते. इंग्लंडच्या क्षितिजाखाली कायमचे दडलेले आकाश त्याला पाहायचे होते. या तरुणाचे नाव एडमंड हॅले.

हॅलेचे नाव सर्वांना ठाऊक आहे ते त्याच्या धूमकेतूमुळे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात तो एका परिच्छेदात येतो आणि जातो. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्याचा सलग धागा धूमकेतूपेक्षा वेगळा आहे. पाहणारा पृथ्वीवर कुठे उभा आहे, यावर त्याला काय दिसणार हे अवलंबून असते, ही वरकरणी साधी वाटणारी गोष्ट त्याने जितकी गांभीर्याने घेतली तितकी त्याच्या काळातील फार थोड्यांनी घेतली असेल.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या गच्चीवरून उत्तरेला पाहिले तर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो. नागपूरला तो २१ अंशांवर, तर पणजीला साडेपंधरा अंशांवर असतो. लंडनमध्ये मात्र तो साडेएकावन्न अंशांवर, म्हणजे निम्म्याहून अधिक आकाश चढून गेलेला असतो. एखाद्या ठिकाणाचा उत्तर अक्षांश जितका, तितकीच तिथली ध्रुवताऱ्याची उंची, असा हा सरळ हिशेब आहे. पण या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. उत्तर ध्रुव आकाशात जितका वर चढतो, तितकाच दक्षिण ध्रुव क्षितिजाखाली जातो आणि त्याच्याभोवतीचे तेवढ्याच त्रिज्येचे आकाश कधीच उगवत नाही. मुंबईकराला दक्षिण ध्रुवाभोवतीचा १९ अंशांचा प्रदेश दिसत नाही. लंडनवासीयाला साडेएकावन्न अंशांचा. हिवाळ्याच्या रात्री आपल्याकडे दक्षिणेला झळकणारा अगस्त्य, उन्हाळ्यात क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू, मित्र आणि मित्रक हे नरतुरंगातले तेजस्वी तारे - यातले काहीही लंडनमधून जन्मभर पाहिले तरी दिसणार नाही. मोठी दुर्बीण घेऊनही उपयोग नाही, कारण आड येते ती पृथ्वीच.

हॅलेचा जन्म ८ नोव्हेंबर १६५६ रोजी लंडनच्या सीमेवरील हॅगर्स्टन या गावी झाला. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी दिनदर्शिका चालत असल्यामुळे तिथल्या नोंदीप्रमाणे ही तारीख २९ ऑक्टोबर येते. वडील साबणाचे मोठे व्यापारी होते. लंडनमध्ये त्यांच्या मालकीची घरे होती. मुलाच्या शिक्षणात आणि छंदात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. सेंट पॉल्स शाळेत तो विद्यार्थ्यांचा प्रमुख झाला. १६७३ साली तो ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला तेव्हा त्याच्या सामानात चक्क २४ फूट लांबीची दुर्बीण होती. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांबरोबरच गणित आणि नौकानयन यांचाही त्याचा पाया पक्का झालेला होता.

तो काळ आकाशाच्या नव्या मोजणीचा होता. १६७५ साली राजा दुसरा चार्ल्स याने ग्रिनिच येथे वेधशाळा स्थापन केली आणि जॉन फ्लॅमस्टीड याची पहिला शाही खगोलज्ञ म्हणून नेमणूक झाली. या उपक्रमामागे केवळ ज्ञानाची आस नव्हती. खोल समुद्रात आपले जहाज कोणत्या रेखांशावर आहे हे खलाशांना सांगता येत नसे, आणि त्या अज्ञानापायी जहाजे खडकांवर आदळून माणसे मरत. ताऱ्यांची अचूक स्थाने हाती असतील तर चंद्राच्या त्यांच्यामधील चालीवरून रेखांश काढता येईल, अशी आशा होती. फ्लॅमस्टीडने ग्रिनिचला उत्तरेकडील ताऱ्यांची नवी सूची करायला घेतली. तिकडे डान्झिगमध्ये योहानेस हेव्हेलियस हा वयोवृद्ध खगोलज्ञ हेच काम करीत होता. विद्यार्थी हॅले फ्लॅमस्टीडला वेध घेण्यात मदत करू लागला.

या दोघांच्या कामात आपण तिसरे काय करणार, असा प्रश्न त्या तरुणाला पडला असावा. उत्तर त्याला त्यांच्या वेधशाळांच्या अक्षांशांत सापडले. ग्रिनिच साडेएकावन्न अंशांवर, डान्झिग ५४ अंशांवर, आणि ज्याची सूची तोवर प्रमाण मानली जाई त्या टायको ब्राहेची वेधशाळा तर जवळपास ५६ अंशांवर. या तिघांनाही दक्षिण आकाशाचा मोठा भाग दिसणेच अशक्य होते. डच खलाशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिकडील ताऱ्यांच्या नोंदी केल्या होत्या, परंतु त्या दुर्बिणीविना केलेल्या आणि ढोबळ होत्या. विषुववृत्त ओलांडून भारताकडे आणि अतिपूर्वेकडे जाणारी जहाजे मात्र नेमकी त्याच आकाशाखालून जात होती.

हॅलेने पदवी बाजूला ठेवून दक्षिणेला जायचे ठरवले. इंग्रजांच्या ताब्यातील सर्वांत दक्षिणेकडचा प्रदेश तेव्हा सेंट हेलेना हा होता. ईस्ट इंडिया कंपनीचे ते ठाणे, सुरत आणि मुंबईहून परतणारी जहाजे पाणी भरण्यासाठी तिथे थांबत. राजाने कंपनीला पत्र लिहून हॅले आणि त्याचा एक मित्र यांना फुकट प्रवास देण्यास सांगितले. वडिलांनी वर्षाला ३०० पौंडांचा खर्च मंजूर केला. शाही खगोलज्ञ फ्लॅमस्टीडचे वार्षिक वेतन १०० पौंड होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पाठबळाची कल्पना येते. नोव्हेंबर १६७६ मध्ये युनिटी नावाच्या जहाजाने तो निघाला. त्या वेळी त्याला वीस वर्षे पूर्ण होऊन काही दिवसच झाले होते. १६७७ साली, शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर असताना, हा इंग्रज तरुण अटलांटिकमधील त्या बेटावर आपली यंत्रे उतरवीत होता.

सेंट हेलेना दक्षिण अक्षांश १६ च्या किंचित अलीकडे आहे. म्हणजे आपली सावंतवाडी विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेला, तितकेच हे बेट दक्षिणेला. सावंतवाडीला ध्रुवतारा क्षितिजावर जितका उंच दिसतो, तितक्याच उंचीवर तिथे दक्षिण ध्रुवबिंदू असतो. ही जागा हॅलेच्या कामाला दोन्ही अर्थांनी सोयीची होती. एक तर दक्षिण ध्रुवाभोवतीचे सारे तारे तिथे दिसणार होते. दुसरे असे की युरोपातील खगोलज्ञांना परिचित असलेले बहुतेक तारेही तिथल्या आकाशात उगवत होते. नव्या ताऱ्यांची मोजणी जुन्यांच्या आधारे करता येणार होती. अगदी ध्रुवापाशी जाऊन बसला असता तर त्याला दक्षिणेचे आकाश लख्ख दिसले असते, पण उत्तरेशी त्याचा सांधा जुळला नसता.

हिशेब उत्तम होता, फक्त हवेने दगा दिला. बेटावरचे आकाश निरभ्र असते असे खलाशांकडून त्याच्या कानावर आले होते. त्याने एका उंच डोंगरकड्यावर वेधशाळा उभारली आणि तिथे त्याला समजून चुकले की समुद्रावरून येणारे दमट वारे याच डोंगरांना अडतात आणि त्यांचे ढग होतात. आठवड्यामागून आठवडे आकाश झाकलेले राहू लागले. एखाद्या रात्री तासभर उघडीप मिळाली तर तेवढ्यात वेध उरकायचे. भिंगांवर सतत दव साचे आणि ती पुन्हा पुन्हा पुसावी लागत. कागद ओलसर होत. साडेपाच फूट त्रिज्येचे, दुर्बीण बसवलेले षडंशयंत्र, चतुर्थांशयंत्र, लंबकाचे घड्याळ आणि ती २४ फुटी दुर्बीण असा सारा सरंजाम घेऊन हा तरुण धुक्यात वाट पाहत बसे. वडिलांचा पैसा, राजाची मेहेरनजर, सोडून दिलेली पदवी, सारेच त्या ढगांखाली पणाला लागलेले होते.

तरीही सुमारे वर्षभराच्या मुक्कामात त्याने ३४१ ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. त्याची पद्धत मोठी शहाणपणाची होती. प्रत्येक दक्षिणी ताऱ्याचे टायकोच्या सूचीतील ताऱ्यांपासूनचे कोनीय अंतर त्याने मोजले आणि ती मूळ मापे जशीच्या तशी छापली. टायकोच्या स्थानांत चुका असतील तर त्या पुढे दुरुस्त होतील आणि त्यानुसार आपल्या ताऱ्यांची स्थानेही पुन्हा काढता येतील, हा त्यामागील विचार. पुढे फ्लॅमस्टीडची अधिक अचूक सूची तयार झाल्यावर नेमके तसेच करण्यात आले. आपल्या निष्कर्षापेक्षा आपले मोजमाप अधिक काळ टिकेल, हे विशीतल्या मुलाने ओळखावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्या डोंगरावर त्याला ताऱ्यांपलीकडेही काही मिळाले. नरतुरंग तारकासमूहात ज्याला टॉलेमीच्या काळापासून तारा मानले गेले होते, तो तारा नसून धूसर ठिपका आहे हे त्याने १६७७ साली नोंदवले. आज आपण त्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतो. लाखो ताऱ्यांचा तो गोलाकार गुच्छ आपल्यापासून सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. लंडनच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. महाराष्ट्रातून मात्र उन्हाळ्यातल्या काळोख्या रात्री, शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यास, दक्षिणेला तेवीस-चोवीस अंशांच्या उंचीवर तो नुसत्या डोळ्यांनीही पुसटसा दिसतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. लंडनमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ सेंट हेलेनाला मागे पडू लागले आणि हॅलेला लंबकाची लांबी कमी करावी लागली. काही वर्षांपूर्वी फ्रेंच खगोलज्ञ रिशे याला दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे असाच अनुभव आला होता. अक्षांश बदलला की आकाशच नव्हे तर वस्तूचे वजनही बदलते, असा याचा अर्थ होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगीर आहे, म्हणून तिथे गुरुत्वाचा जोर किंचित कमी पडतो. न्यूटनने पुढे आपल्या ग्रंथात पृथ्वीच्या आकाराविषयी विवेचन करताना हॅलेच्या या निरीक्षणाचाही आधार घेतला.

तिसरी गोष्ट सर्वांत दूरगामी ठरली. ७ नोव्हेंबर १६७७ रोजी बुध ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना हॅलेने पाहिला. बिंबात शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही क्षण त्याला अचूक टिपता आले. हे पाहताना त्याच्या मनात एक कल्पना रुजली. ती पक्व व्हायला आणखी चार दशके लागणार होती.

१६७८ साली तो मायदेशी परतला. दक्षिण आकाशाची त्याची सूची १६७९ साली प्रसिद्ध झाली. दुर्बिणीच्या साह्याने निश्चित केलेली ती दक्षिण आकाशाची पहिली सूची. वयाच्या बाविसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि राजाच्या आज्ञेने ऑक्सफर्डने त्याला पदवी बहाल केली. फ्लॅमस्टीडने त्याला दक्षिणेचा टायको म्हणून गौरवले. या यशात राजाची खुशामतही थोडी मिसळलेली होती. वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला चार्ल्स १६५१ साली एका ओक वृक्षावर लपून बचावला होता. हॅलेने नौका या प्राचीन तारकासमूहातले काही तारे काढून चार्ल्सचा ओक नावाचा नवा तारकासमूह निर्माण केला. पुढच्या शतकात फ्रेंच खगोलज्ञ लाकाय याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून तेच आकाश नव्याने मोजले तेव्हा हा ओक त्याने मुळासकट उपटला. राजाची कृतज्ञता आकाशात टिकली नाही. ३४१ ताऱ्यांची मोजमापे टिकली.

यानंतरच्या वर्षांत हॅले लंडनच्या विज्ञानविश्वाच्या केंद्रस्थानी आला. १६८२ साली त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्याने तो प्रसिद्ध धूमकेतू पाहिला. १६८४ साली ग्रहांच्या कक्षांविषयीचा एक अवघड प्रश्न घेऊन तो केंब्रिजला न्यूटनकडे गेला. त्याचे उत्तर न्यूटनने आधीच काढून ठेवले होते, हे पाहून हॅलेने त्याला ते लिहून काढण्यास भाग पाडले. त्यातूनच प्रिन्सिपिया हा युगप्रवर्तक ग्रंथ जन्माला आला. माशांवरील एका भव्य पुस्तकाच्या छपाईत रॉयल सोसायटीची तिजोरी रिकामी झाली होती. तेव्हा हॅलेने प्रिन्सिपियाचा खर्च स्वतः सोसला, मुद्रिते तपासली, न्यूटनचे रुसवेफुगवे काढले. १६८७ साली ग्रंथ बाहेर आला. सोसायटीने हॅलेला त्याच्या वेतनापोटी त्याच न खपलेल्या माशांच्या पुस्तकाच्या प्रती दिल्या. १६८४ सालीच त्याच्या वडिलांचा गूढ परिस्थितीत मृत्यू होऊन मालमत्तेचे वाद सुरू झाले होते, हे ध्यानात घेतले तर या औदार्याचे मोल अधिक वाढते.

सेंट हेलेनाचे धुके या काळातही त्याच्या विचारांत होते. भिंगांवर साचणाऱ्या त्या दवावरून समुद्राच्या पाण्याची वाफ, तिचा पाऊस आणि डोंगरांतले झरे यांच्या चक्राविषयी त्याने लिहिले. १६८६ साली त्याने उष्ण कटिबंधातील व्यापारी वाऱ्यांचा आणि मान्सूनचा नकाशा प्रसिद्ध केला. सूर्याची उष्णता हे वाऱ्यांचे कारण होय, हे त्याने बरोबर सांगितले. मात्र त्यांच्या तिरप्या दिशेचा त्याने दिलेला खुलासा चुकीचा होता. तो जॉर्ज हॅडलीने १७३५ साली सुधारला.

विद्वानांत मान मिळाला तरी वाट सरळ नव्हती. १६९१ साली ऑक्सफर्डमधील खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद त्याला नाकारण्यात आले. त्याच्या धार्मिक मतांविषयीचा संशय त्याला भोवला आणि एकेकाळचा त्याचा चाहता फ्लॅमस्टीड आता त्याचा कट्टर विरोधक झाला होता. हॅलेने पुन्हा समुद्राची वाट धरली. केवळ विज्ञानासाठी निघालेल्या आरंभीच्या सागरी सफरींमध्ये त्याच्या पॅरामोर या छोट्या जहाजाच्या सफरींची गणना होते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून कुठे किती ढळते, हे त्याला अटलांटिकभर फिरून मोजायचे होते. पहिल्या सफरीत हाताखालच्या अधिकाऱ्याने त्याचे नेतृत्व मानण्यास नकार दिल्यामुळे त्याला परतावे लागले. दुसऱ्या सफरीत, १ फेब्रुवारी १७०० रोजी, तो ५२ दक्षिण अक्षांशापलीकडे पोहोचला. तिथे सपाट माथ्याचे प्रचंड हिमनग त्याला आधी बेटेच वाटले. धुक्यात त्यांच्यावर आदळता आदळता जहाज वाचले. परतताना त्याने सेंट हेलेनाला पुन्हा मुक्काम केला. पहिल्या भेटीला तेव्हा बावीसेक वर्षे झाली होती. १७०१ साली त्याने अटलांटिकचा चुंबकीय नकाशा प्रसिद्ध केला. समान विचलन असलेली ठिकाणे रेषांनी जोडण्याची त्याची रीत आजही आपल्या हवामानाच्या आणि उंचीच्या नकाशांत वापरली जाते.

१७०४ साली ऑक्सफर्डने अखेर त्याला भूमितीचा प्राध्यापक केले. पुढच्याच वर्षी त्याने २४ धूमकेतूंच्या कक्षांचे गणित मांडले आणि १५३१, १६०७ व १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८ च्या सुमारास परत येईल, असे भाकीत केले. १७१८ साली त्याने प्राचीन ग्रीकांनी नोंदवलेल्या स्थानांशी तुलना करून व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे जागचे हलले आहेत, हे दाखवले. स्थिर मानलेले तारेही गतिमान आहेत, याचा हा पहिला पुरावा होता.

त्याच्या चारित्र्यावरचा एक डाग इथे सांगितला पाहिजे. फ्लॅमस्टीड आपली सूची पूर्ण झाल्याशिवाय प्रसिद्ध करण्यास तयार नव्हता. न्यूटन आणि हॅले यांनी १७१२ साली ती त्याच्या संमतीवाचून, अपुऱ्या अवस्थेत छापली. संतापलेल्या फ्लॅमस्टीडने पुढे त्या ४०० प्रतींपैकी ३०० मिळवून जाळून टाकल्या. स्वतःची मापे इतक्या निगुतीने जपणाऱ्या हॅलेने दुसऱ्याच्या श्रमांबाबत ही घाई करावी, याचे समर्थन होऊ शकत नाही.

सेंट हेलेनाला रुजलेली ती कल्पना १७१६ साली पूर्ण रूपात प्रकट झाली. शुक्र सूर्यबिंबावरून सरकतो तेव्हा पृथ्वीच्या उत्तरेकडील निरीक्षकाला तो बिंबावर किंचित खाली आणि दक्षिणेकडील निरीक्षकाला किंचित वर दिसतो. त्यामुळे दोघांना दिसणाऱ्या मार्गांची लांबी वेगळी आणि त्याला लागणारा वेळही काही मिनिटांनी वेगळा. हा फरक आणि दोन ठिकाणांमधील अंतर माहीत असेल तर पृथ्वीपासून सूर्याचे अंतर काढता येईल, असे हॅलेने मांडले. ज्या अक्षांशभेदामुळे दोन माणसांना एकच आकाश दिसत नाही, तोच भेद त्याने मोजपट्टी म्हणून वापरला. एका जागी बसून कितीही अचूक वेध घेतले तरी हे गणित सुटणारे नव्हते. त्यासाठी परस्परांपासून दूर उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांच्या नोंदींवर विश्वास ठेवणे आवश्यक होते.

अडचण एवढीच की पुढचे शुक्राचे अधिक्रमण १७६१ साली होते आणि हॅले तेव्हा साठीला टेकला होता. आपण ते पाहणार नाही हे त्याला स्पष्ट दिसत होते. म्हणून त्याने सारी पद्धत तपशीलवार लिहून ठेवली आणि पुढील पिढीतील खगोलज्ञांनी जगाच्या निरनिराळ्या भागांत जाऊन हे वेध घ्यावेत, असे आवाहन केले.

१७१९ च्या अखेरीस फ्लॅमस्टीडचे निधन झाले आणि १७२० साली हॅले शाही खगोलज्ञ झाला. ग्रिनिचची वेधशाळा त्याला रिकामीच मिळाली, कारण यंत्रे फ्लॅमस्टीडची खासगी मालमत्ता असल्याने त्याच्या वारसांनी ती नेली होती. चौसष्टाव्या वर्षी हॅलेने चंद्राच्या अठरा वर्षांच्या पूर्ण आवर्तनाचे वेध घेण्याचा संकल्प सोडला. अनेकांना तो हास्यास्पद वाटला असेल, पण त्याने तो तडीस नेला. १७३६ साली पत्नीचे निधन झाले, त्याच सुमारास पक्षाघाताने उजवा हात अधू झाला, तरी काम सुरूच राहिले. २५ जानेवारी १७४२ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्याने देह ठेवला. ग्रिनिचजवळच्या ली येथे पत्नीच्या शेजारीच त्याचे दफन झाले.

त्याची दोन्ही भाकिते त्याच्या माघारी खरी ठरली. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला धूमकेतू दिसला. १७६१ आणि १७६९ साली शुक्राच्या अधिक्रमणासाठी सायबेरियापासून ताहितीपर्यंत निरीक्षक रवाना झाले. फ्रेंच खगोलज्ञ ल जांती पाँडिचेरीसाठी निघाला, पण १७६१ साली ते इंग्रजांच्या हाती गेल्याने त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरून वेध घ्यावे लागले. १७६९ साठी तो पूर्वेकडेच थांबून राहिला आणि पाँडिचेरीला नेमक्या त्या सकाळी ढग आले. सेंट हेलेनाला गेलेल्या मॅस्केलाइनलाही १७६१ साली ढगांनीच निराश केले. चौऱ्याऐंशी वर्षांत बेटाचा स्वभाव बदलला नव्हता. तरीही इतरत्र जमलेल्या नोंदींवरून सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी ३० लाख किलोमीटर निघाले. आजचा आकडा १४ कोटी ९६ लाख आहे. इतक्या अडचणींतून आलेले हे उत्तर थक्क करणारे आहे.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू शेवटचा येऊन गेला. त्या एप्रिलमध्ये तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तेव्हा आकाशात इतका दक्षिणेला होता की लंडनच्या क्षितिजावर तो उगवलाच नाही. महाराष्ट्रातून तो दक्षिणेला खालच्या अंगाला दिसू शकत होता, तर सेंट हेलेनाहून दक्षिणेला पाहणाऱ्याला तो आकाशात बराच उंच दिसू शकत होता. हॅलेच्या स्वतःच्या शहराला त्याच्या नावाचा धूमकेतू अशा वेळी दिसू नये, याचे आपल्याला वाईट वाटेल. हॅलेला मात्र त्याचे नवल वाटले नसते. त्याने वेळेवर दक्षिणेकडचे जहाज पकडले असते.

डिसेंबर २०२३ मध्ये हा धूमकेतू सूर्यापासून सर्वांत दूरच्या बिंदूवर पोहोचून परतीच्या वाटेला लागला आहे. २०६१ साली तो पुन्हा येईल. तोवर एखाद्या उन्हाळी रात्री कोकणात किंवा सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर मुक्काम पडला, तर दक्षिणेच्या क्षितिजाकडे जरूर पाहावे. त्रिशंकू, मित्र, मित्रक आणि नरतुरंगातला तो धूसर ठिपका आपल्याला घरबसल्या दिसतो, आणि त्याच दृश्यासाठी एका विशीतल्या तरुणाला तीन महिने समुद्र तुडवून वर्षभर धुक्यात बसावे लागले होते.